कुंदामावशींचं राज्य

कुंदामावशींचं मला पहिल्यांदा दर्शन झालं ते त्यांच्या तळपायांचं.

रत्नागिरीतून भाट्याच्या पुलाकडे उतरताना डाव्या हाताला एक बोळ लागतो, त्याच्या टोकाला त्यांचं कौलारू घर. सकाळचे आठ वाजले होते. कडेवर साडेतीन वर्षांची इरा आणि मनात धाकधूक घेऊन मी पडवीत उभी राहिले आणि हाक मारली, "कोणी आहे का घरात?" आत माजघरात एक पलंग होता. त्याच्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. बाकीची बाई पलंगाखाली होती.

"हाय!" पलंगाखालून आवाज आला. "उभ्या नका राहू. बसा. नाय तं आडव्या व्हा."

पहिल्याच भेटीत आडवं व्हायला सांगणारी बाई मला तोपर्यंत फक्त दवाखान्यात भेटली होती. मी मुकाट्याने बसले. थोड्या वेळाने मावशी पोटावर सरपटत बाहेर आल्या. साठीच्या आसपास वय, काटक अंग, साडीवर चढवलेला पुरुषी शर्ट, केसांवर घट्ट बसवलेली कापडी टोपी. चिमटीत एक सेफ्टीपिन होती.

"ही बघा. काल सकाळी नव्हती. कुणाच्या तरी आवशीची पडली." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "मोठी माणसं घर बघतात पाच फुटांवरून. पोरं बघतात एक फुटावरून. मग घर तपासायचं कुठून?"

"एक फुटावरून," मी घाबरत म्हटलं.

"शाणी हायस," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीत सरपटत गेल्या. पाळणाघर उघडायच्या आधी अख्खं घर रोज असं पोटाने पुसून काढायचं, हा त्यांचा नेम होता. देवाला दिवा त्यानंतर.

मावशींनी बावीस वर्षं मिरजोळ्याला, एमआयडीसीतल्या मासळीच्या कारखान्यात काढली होती. कोळंबी सोलणाऱ्या बायकांवर त्या मुकादम होत्या. टोपी, शिट्टी आणि हात धुण्याचं वेड हे तिघं तिथून त्यांच्याबरोबर घरी आले. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. कारखाना सुटल्यावर दोन महिने त्या नुसत्या बसून राहिल्या आणि तिसऱ्या महिन्यात पाळणाघर काढलं. "घरात आवाज नसला तं मला जेवण जात नाय," एवढंच कारण त्यांनी कधीतरी सांगितलं होतं.

त्यांच्या कमरेला दोरीने एक प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा बांधलेला असे. दीड इंच रुंद, दोन इंच लांब. त्याला त्या म्हणत 'नरडं'.

"हे पोराचं नरडं. ह्यातून जी वस्तू आरपार जाईल, ती ह्या घरात राहायची नाय. मग ती सोन्याची असो."

सोन्याची म्हणाल्या ते उगाच नव्हे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कानातलं काढायला लावलं, नरड्यातून खाली टाकलं आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "गेलं. उद्यापासून घालून येऊ नको." मुलांची खेळणी, बटणं, पेनांची टोपणं, चिंचोके, सगळं त्या नरड्यातून जाऊन आलेलं असे. काजूच्या बियांनी खेळणं हा कोकणातल्या पोरांचा जन्मसिद्ध हक्क, पण मावशींकडे बियांना बंदी होती. त्याऐवजी करवंट्या होत्या, कडा घासून घासून गुळगुळीत केलेल्या. ही सवय इतकी अंगात भिनली होती की एकदा शेजारच्या लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या, त्यांनी पानातला लाडू उचलून नरड्याला लावून बघितला. वाढपी बघतच राहिला. "जात नाय," मावशी समाधानाने म्हणाल्या आणि लाडू खाल्ला.

चहाचं तर विचारूच नका. "गरम चहा आणि पोर एका छपराखाली नाय" हा दुसरा नियम. मुलं घरात असली की चहा अंगणात, तुळशीपाशी उभ्याने. पावसाळ्यात छत्री उघडून. आलेल्या पाहुण्यांनाही तोच न्याय. आषाढाच्या धारांत एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कप, अशा दोन-तीन बायका तुळशीभोवती उभ्या दिसल्या की समजायचं, आत मुलं आहेत.

आणि अंगणातला माड! त्या माडाला मावशी नारळ धरू देत नसत. शहाळी जरा मोठी झाली की पाडेकऱ्याला बोलावून सगळी उतरवून टाकत. "पोरांच्या डोक्यावर पडला तं?" रत्नागिरीत राहून माडाला नारळ धरू न देणारी बाई म्हणजे आळीला एक करमणूकच होती. "कुंदा म्हणजे माडाची सासू," असं समोरचे काका म्हणत. मावशी ऐकून घेत आणि काकांना शहाळं देत.

आता माझ्या इराबद्दल सांगायला हवं.

इरा वेळेच्या फार आधी जन्मली. तिच्या पायांत जोर कमी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालेल, पण उशिरा आणि आधाराने. तोवर ती बसून, दोन्ही हात जमिनीला टेकत, सरकत फिरायची. तिचा बाबा बोटीवर, म्हणजे मोठ्या जहाजावर. सात महिने समुद्रात, तीन महिने घरी. मी पोस्टात काउंटरला. त्यामुळे पाळणाघराशिवाय गत्यंतर नव्हतं.

मावशींच्या आधी आम्ही एक पाळणाघर बघितलं होतं. स्वच्छ, भिंतींवर चित्रं, बायका प्रेमळ. इराला त्या एका उंच खुर्चीत बसवून पट्टा लावत आणि म्हणत, "इरा बसून मज्जा बघते हो, काही त्रास नाही तिचा." त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येईना. मुलं धावताना तिला लागू नये एवढाच हेतू. कधी खेळात घेतलंच तर 'कच्चा लिंबू' म्हणून. म्हणजे खेळात आहेही आणि नाहीही. तिला कोणी पकडायचं नाही, तिच्यावर राज्य द्यायचं नाही. एका संध्याकाळी मी न्यायला गेले तेव्हा सगळी मुलं अंगणात हुंदडत होती आणि इरा खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्यांसाठी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हे सगळं मी मावशींना त्या पहिल्या सकाळी सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कळेना. त्या इराकडे बघत होत्या.

"चालत नाय, मग जाते कशी?"

"सरकते."

"बघू."

मी इराला खाली ठेवलं. खाली लाल कोब्याची गुळगुळीत जमीन. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि निघाली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मावशी साडीचा काचा मारून तिच्या शेजारी बसल्या आणि त्याही सरकू लागल्या. अर्ध्या वाटेत त्यांना धाप लागली.

"आई गो! वेग हाय हिला!" त्या ओरडल्या. साडेतीन वर्षांत माझ्या मुलीबद्दल 'वेग' हा शब्द कोणी वापरला नव्हता. मी डब्याची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि पोस्टात निघून गेले. जाताना वळून बघायचं धैर्य झालं नाही.

मावशींचा तिसरा नियम मला त्या आठवड्यात कळला. "आमच्यात बाद नाय." त्यांच्या घरात कुठल्याही खेळात कोणीही बाद होत नसे. संगीतखुर्चीत खुर्च्या नव्हत्या, गोधड्या होत्या. गाणं थांबलं की गोधडी एक कमी व्हायची, पण पोर एकही कमी व्हायचं नाही. शेवटी एकाच गोधडीवर बारा पोरं एकमेकांच्या मांड्यांवर, गळ्यांत हात घालून कोंबलेली, आणि मावशी बाजूने मोजतायत, "दहा, अकरा, अरे मेल्यांनो, बारावा कुठे? ओढा त्याला आत!" एका मुलाला मोठा आवाज सोसायचा नाही, टाळ्या वाजल्या की तो कानांवर हात ठेवून रडायचा. तेव्हापासून तिथे टाळ्या हवेत वाजायच्या. दोन्ही हात वर करून पंजे नुसते हलवायचे. शिट्टीही बंद झाली, नुसती गळ्यात लटकायची. वाजवायची हुक्की आली की मावशी अंगणात जाऊन माडाला वाजवून दाखवत.

आणि 'डोंगराला आग लागली, पळा पळा' हा खेळ तिथे 'डोंगराला आग लागली, सरका सरका' झाला होता. मी दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात लवकर न्यायला गेले, तेव्हा तो पहिल्यांदा बघितला. बारा पोरं कोब्यावर बसून सरकत होती. धावायचं नाही, उठायचं नाही, ढकलायचं नाही, एवढेच नियम. खोलीच्या चारी कोपऱ्यांना जुन्या गाद्या शिवून लावलेल्या. मधोमध इरा, केस विस्कटलेले, गाल लाल. ती किंचाळत होती, "माझ्यावर राज्य आहे! माझ्यावर राज्य आहे!"

लहानपणी राज्य आलं की आपण रडवेले व्हायचो. माझी पोर राज्य आल्याच्या आनंदाने किंचाळत होती. मी दारात उभी राहून खूप वेळ चपला काढत राहिले.

सगळ्यांनाच हे आवडलं असं नाही. साहिल नावाचा एक मुलगा होता, चार वर्षांचा, अंगात वारं भरलेला. त्याच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. एका शनिवारी दुपारी ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत पाळणाघरात आले. इराचा रुमाल घरी राहिला होता तो द्यायला मीही तेव्हाच आले होते.

"मावशी, आमचा साहिल पायांनी धडधाकट आहे," त्यांनी सुरुवात केली.

"हाय ना. देव राखो."

"मग तो घरी का सरकतो? काल पाहुणे आले होते. हा हॉलभर सरकत होता. त्याची आजी रडायलाच लागली. तुम्ही एकासाठी सगळ्यांना असं करायला लावणं बरोबर नाही. ज्यांना जमत नाही त्यांची सोय वेगळी असते. आणखी दोघा-तिघांचंही हेच म्हणणं आहे."

माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नव्हता. पण 'एकासाठी' म्हणताना त्यांची नजर माझ्यावरून घसरून गेली आणि मला तिथल्या तिथे नाहीसं व्हावंसं वाटलं. दोघं-तिघं गेले तर मावशींचं पाळणाघर चालणार कसं? मी म्हटलं, "मावशी, मी इराचं दुसरीकडे बघते..."

"तू गप गो," मावशी म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळल्या. "साहिलचे पप्पा, पोर तुमचं. आज न्या, आत्ता न्या. पण नेण्याआधी वाईच खाली बसून बघा. उभ्यानं काय दिसतंय तुम्हांला? बारा टाळकी."

त्या आवाजाने कारखान्यातल्या दीडशे बायका बावीस वर्षं हलल्या होत्या. साहिलच्या पप्पांनी खिशातला रुमाल काढला, कोब्यावर पसरला आणि त्यावर बसले.

आता मुलांचा एक साधा हिशेब असतो. मोठा माणूस उभा असला तर तो मोठा. खाली बसला तर तो खेळात. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून इरा निघाली. हात टेकत, सपासप, सरळ त्यांच्यापर्यंत आली, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र गुडघ्यावर तळहात आपटला आणि म्हणाली, "तुमच्यावर राज्य!"

कोपऱ्यातून साहिल ओरडला, "पप्पा, उठायचं नाही हां! उठलात तर चिटिंग!"

त्यांनी मावशींकडे बघितलं. मावशी कौलांकडे बघत होत्या.

मग ते सरकले. आधी संकोचाने, रुमालासकट. नंतर रुमाल मागे राहिला. पाच मिनिटांत घामाघूम झाले आणि एकही पोर हाती लागलं नाही. साहिल उत्साहात दोनदा उठून उभा राहिला, तरी दोन्ही वेळा सापडता सापडता निसटला. इरा तर त्यांच्या बोटांखालून निसटायची आणि दोन हातांवर थांबून खिदळायची.

"अरे, ही पोरगी हातातच येत नाही!" ते वैतागून ओरडले.

मला ते वाक्य अजून ऐकू येतं. माझ्या मुलीकडे तोवर लोकांनी दयेने बघितलं होतं, कौतुकाने बघितलं होतं, बघून न बघितल्यासारखं केलं होतं. हरणाऱ्या गड्याच्या रागाने तिच्याकडे कोणी पहिल्यांदाच बघत होतं. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

नंतर त्यांनी अंगणात तुळशीपाशी उभ्याने चहा घेतला. एका दुपारीत माणूस बदलतो यावर माझा विश्वास नाही, आणि तेही काही माफी मागून वगैरे गेले नाहीत. पण सोमवारी साहिल आला तेव्हा त्याच्या चड्डीला मागच्या बाजूने जाड जीनच्या कापडाचं भलंमोठं ठिगळ लावलेलं होतं. मावशींनी त्याला उलटा करून शिवण तपासली आणि म्हणाल्या, "ही आजीची शिवण. पक्की हाय."

इरा अडीच वर्षं मावशींकडे राहिली. तिथेच ती पहिल्यांदा खिडकीचे गज धरून उभी राहिली, तिथेच वॉकर घेऊन पाच पावलं टाकली. पावलं टाकली त्या दिवशी पोरांनी हात वर करून हवेत टाळ्या वाजवल्या, त्यामुळे तो प्रसंग अगदी शांततेत पार पडला. मावशी मात्र पाठमोऱ्या होऊन कपाट आवरत होत्या. ते कपाट सकाळीच आवरून झालं होतं.

शाळा सुरू व्हायच्या आधी मावशी माझ्याबरोबर शाळा बघायला आल्या. मुख्याध्यापकांना नमस्कार केला, पहिलीच्या वर्गात शिरल्या आणि काही न बोलता फरशीवर पालथ्या झाल्या. बाईंना घेरी आली समजून शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन धावला. मावशी बाकांच्या रांगेतून सरपटत दुसऱ्या टोकाला निघाल्या आणि म्हणाल्या, "तिसऱ्या बाकाचा खिळा वर आलाय. ठोकून घ्या. बाकी वर्ग चांगला हाय." मुख्याध्यापकांनी स्वतः हातोडी मागवली.

त्याला आता दोन वर्षं झाली. इरा आठ वर्षांची आहे. कुबड्या घेऊन चालते, भांडते, शाळेत जाते. मावशींकडे आमचं जाणं कमी होत गेलं. शाळा, व्यायाम, क्लास. कारणं खरी असतात, तरी कारणंच ती.

गेल्या महिन्यात मावशी मला बाजारात भेटल्या. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला निघाल्या होत्या, मीही बरोबर गेले. औषधाच्या दुकानात काउंटरला एक तरुण मुलगी होती. वीस-एकवीस वर्षांची, चुणचुणीत. तिने गोळ्या दिल्या, पाकिटावर पेनाने खूण केली आणि म्हणाली, "आजी, सकाळची ही. नाश्त्यानंतर. विसरू नका हां." मावशींनी मान डोलावली. त्यांनी तिच्याकडून वेळा पुन्हा समजावून घेतल्या. मग आणखी एकदा. बावीस वर्षं कारखान्याचं रजिस्टर तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला एक गोळी कळत नाही, याचं मला नवल वाटलं.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "माधवी ती. दीड वर्षाची होती माझ्याकडे आली तेव्हा. माझी पहिली पोर. झोपताना कान धरायला लागायचा तिला. स्वतःचा नाय, माझा. पाच मिनिटं चोळत बसायची आणि मग डोळा लागायचा. दोन वर्षं माझा डावा कान लाल होता."

"मग तुम्ही सांगितलं का नाही तिला? ओळखलं नाही तिने तुम्हांला!"

"कशी ओळखेल? तीन-चार वर्षांच्या आतलं पोरांना आठवत नाय गो. कुणालाच आठवत नाय." त्या अगदी सहज म्हणाल्या, जसं कोणी भरती-ओहोटीचं सांगावं. "आणि सांगू काय? काउंटरला चार माणसं उभी, त्यांच्यासमोर सांगू, की पोरी, मी तुझं ढुंगण धुतलंय? लाजेल बिचारी."

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं, की त्यांच्या बोळाच्या तोंडालाच औषधाचं दुकान आहे. हे दुकान पार बाजाराच्या दुसऱ्या टोकाला.

"मावशी, एवढ्या लांब गोळ्यांसाठी येता?"

"चालणं होतं," त्या म्हणाल्या. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "आवाज तोच हाय अजून तिचा. 'हां' म्हणते ना शेवटी, तो."

रिक्षा थांब्यापाशी आम्ही वेगळ्या झालो. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मला दंडाला धरून उठवलं. "भर रस्त्यात काय करतेस? खाली काच असेल, बघितलंस का?"

त्या संध्याकाळी इरा कंपासपेटी आवरत बसली होती. मी तिला विचारलं, "इरा, कुंदामावशींकडचे पहिले दिवस आठवतात?"

"हो, म्हणजे... त्यांच्याकडे माड होता ना? आणि त्या टोपी घालायच्या." तिने खूप विचार केला. "एवढंच आठवतं."

"आणि त्याच्या आधीचं? तुला खेळात घ्यायचे नाहीत, तू खुर्चीत बसून बघायचीस, ते?"

इराने पेन्सिल खाली ठेवली आणि मी काहीतरी वेड्यासारखं बोलतेय अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

"काहीतरीच काय आई," ती म्हणाली. "मी तर पहिल्यापासून खेळायचे."